चैत्र संपल्यावरचा कडुलिंब

"झाडपाल्याचं आहे हो, अपाय काही नाही." हे वाक्य कुणी माझ्यासमोर बोललं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, वयानं चिडचिड वाढली तुमची. वयाचा काही संबंध नाही. हेच वाक्य मी एकदा माझ्या आईला ऐकवलं होतं, आणि ते झाडपाल्याचं गेलं माझ्या थोरल्या बहिणीच्या पोटात.

मी आयुष्यभर एकाच औषध कारखान्यात नोकरी केली. खालच्या शेडमधून वरच्या मजल्यावर चढलो, एवढाच माझा प्रवास. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर बैठक झाली. मनाच्या दुखण्यांवर वनस्पतींपासून नवी गोळी काढायचं चाललंय. अपघाताचा, दंगलीचा, मृत्यूचा धसका घेतलेली माणसं, रात्ररात्र जागणारी, उदास बसून राहणारी, सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणतात. पडेलही. माझा झाडांवर राग नाही. विक्री खात्यातला एक तरुण मला म्हणाला, "सर, माहितीपत्रक तुम्हीच लिहा. तुमचं मराठी फर्स्टक्लास. फक्त एक ओळ ठळक टाका, निसर्गाची देणगी, पूर्णपणे निर्धोक."

"कुणासाठी निर्धोक?"

"पेशंटसाठी, सर."

"आणि पेशंटच्या घरच्यांसाठी?"

तो हसला. त्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. मी कागद त्याच्याकडे सरकवला आणि उठून आलो. माहितीपत्रक मी लिहिलं नाही. त्याऐवजी हे लिहितोय, आणि हेही माझ्या मनानं लिहीत नाही. का लिहितोय ते शेवटी येईल.

लालबागला आमची एक खोली होती. वडील लवकर गेले. आई मालवणची, जन्मभर मालवणीच बोलली. ताई करी रोडच्या म्युनिसिपल शाळेत शिकवायची. तिच्या पगारावर घर चाललं, तिच्याच पगारावर मी बी.एस्सी. झालो. माझं शिक्षण होईपर्यंत लग्नाचं बघू नका, असं तिनं स्वतःच पाहुण्यांना सांगून टाकलं होतं. मी पास झालो, कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो, आणि आता ताईचं बघायचं असं आम्ही म्हणत होतो.

समोरच्या खोलीत साताऱ्याकडची एक बाई राहायची. आम्ही तिला मावशी म्हणत असू. नवरा गावी, बाई गिरणीत, आणि एक मुलगी, दहाएक वर्षांची, ताईच्याच वर्गातली. मावशी पाळीवरून यायच्या आत ताई त्या पोरीला गॅलरीत बसवायची आणि वेण्या घालून द्यायची. खोलीत अंधार असे, गॅलरीत उजेड बरा. पोर हट्टी होती, दोन वेण्याच हव्यात, रिबिनी वर बांधलेल्याच हव्यात. ताई तिच्या डोक्यात टपली मारून म्हणायची, "हलू नको गं, भांग वाकडा होतो."

मुंबई महाराष्ट्रापासून तोडायची घोषणा झाली आणि आमच्या भागात आग लागली. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. मीही चळवळीत होतो. मागणी खरी होती, मुंबई आमची होती, आजही मी तेच म्हणेन. पण त्या दिवसांत सरकारनं जो गोळीबार केला त्यात नुसते रस्त्यावरचे मेले नाहीत. जिन्यात मेले, खिडकीत मेले. त्या दुपारी शाळा लवकर सुटली होती. खाली पळापळ सुरू झाली, आणि एक गोळी आमच्या मजल्यावरच्या गॅलरीत आली. पोर ताईच्या पुढ्यात बसलेली होती. ताईच्या हातात तिचे केस होते.

मी तेव्हा परळला होतो. आलो तेव्हा पोरीला नेलेलं होतं.

पुढे जे झालं त्याबद्दल मला संताप आहे, आणि त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःच्या नावावर आहे.

चाळीच्या जिन्याशी आमचा एक फळा असायचा. सभा, हरताळ, वर्गणी, सगळं त्यावर. अक्षर माझं चांगलं, म्हणून लिहायचं काम माझं. दुसऱ्याच दिवशी चाळीतल्या चळवळीच्या कमिटीच्या माणसांनी सांगितलं आणि मी लिहिलं, "संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत असताना गोळीला बळी पडलेली आमची वीरकन्या." कुणी विचारलं नाही की पोर घोषणा देत होती का. मीही नाही. लिहिताना छान वाटलं. लोक थांबून वाचत होते, टोप्या काढत होते. महिन्याभरात त्या ओळीचा पत्र्यावर रंगवलेला कायमचा फळा झाला. मजकूर माझाच.

ताई मात्र सगळ्यांना सांगत सुटली. दूधवाल्याला, भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना, वर्गणी मागायला येणाऱ्यांना. "घोषणा कुठली हो. मी वेणी घालत होते. एक झाली होती. दुसरी राहिली." तेच, त्याच शब्दांत, परत परत. गिरणीचा भोंगा झाला की ती खाटेखाली शिरायची. दाराचा अडसर पडला तरी अंगावर काटा. झोप नाही. बसल्या जागी चादरीच्या दशा धरायची आणि तीन तीन घेऊन विणत राहायची. आमच्या घरातल्या एका चादरीला एका बाजूनं वेण्याच वेण्या झाल्या होत्या.

आज याला डॉक्टर लोक नावं देतात. तेव्हा आम्ही म्हणायचो, धसका घेतलाय.

मावशी तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात दाराशी आली. म्हणाली, "बाईंना इचारायचंय वाइच. पोरीला आंघूळ घातली तवा येक येणी घट हुती, येक सुटी. तसं का?" तिला फक्त एवढंच हवं होतं. पोरीच्या शेवटच्या घटकेचं सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं आणि ते दहा पावलांवर बसलं होतं. आईनं दारातूनच सांगितलं, "निजलीहा ती." ताई निजली नव्हती. खाटेखाली होती. आई लाजली असावी. मी आत बसून हे ऐकत होतो, आणि मला बरं वाटलं. कारण कमिटीतले एक अण्णा आदल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तुझ्या बहिणीला जरा आवर रे बाबा. सभा आहे, पोरीच्या आईला स्टेजवर बसवायचंय. मास्तरणीनं मध्येच वेणीचं काढलं तर शोभा होईल आपली."

आपली. हा शब्द मला अजून टोचतो. ताई त्या 'आपली'त नव्हती.

तेव्हा आमच्या कारखान्यात सर्पगंधेचं काम जोरात होतं. पोत्यांतून मुळं यायची, वाकडीतिकडी, मातकट, वास नसलेली आणि इतकी कडू की जिभेला लागलं तर जेवणापर्यंत जात नसे. धुवायची, वाळवायची, दळायची, चाळायची, आणि त्या भुकटीच्या गोळ्या पाडायच्या. रक्तदाबावर जायच्या. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या हे मूळ वेड्याला देत आलेत, आणि आता परदेशातले डॉक्टरही मनाच्या आजारावर ते वापरू लागले होते. कारखान्यात तिकडची मासिकं यायची, मी वाचायचो. भडकलेला माणूस शांत होतो, भ्यालेला झोपतो, असं लिहिलेलं असे. दळणाच्या शेडमधली माणसं तोंडाला फडकं बांधूनही दुपारी पेंगायची आणि सगळ्यांची नाकं चोंदलेली असायची. आम्ही वरचे लोक त्यांची टिंगल करायचो. 'सर्पगंधा खातं सर्दीनं बेजार' म्हणायचो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी चाळणीखालची भुकटी रुमालात बांधून घरी आणली. कुणाला विचारलं नाही. आईला म्हटलं, "हे ताईला दे. झोप लागेल."

आईनं हुंगून पाहिलं, बोट लावून चाखलं, तोंड वाकडं केलं. "ह्या काय रे? विख काय?"

"झाडपाल्याचं आहे. अपाय काही नाही."

"ती घेवची नाय रे. इतक्या कडू?"

आई विचार करत बसली आणि मग तिलाच सुचलं. उद्या पाडवा. सगळ्या घरात कडुलिंब खातात. कोवळी पानं, फुलोरा, गूळ, ओवा, चिंच, हिंग, वाटून त्याची गोळी. "त्यातच घालतंय. कडूत कडू कोणाक कळतला? तिका सांगा नको."

पाडव्याला आम्ही तिघांनी गोळ्या खाल्ल्या. ताईची वेगळी वळलेली होती. दुसऱ्या दिवशी आई तिला म्हणाली, "चैत्रभर खावचो असता गो, रक्त शुद्ध जाता." काही घरांत खातातही चैत्रभर, त्यामुळे ते खोटं वाटलं नाही. चैत्र संपला. वैशाख लागला. पाटावरवंटा रोज वाजत राहिला. पानं जून झाली तरी आई कुठून कुठून आणत होती, आणि मी रुमाल भरून आणत होतो.

ताई झोपायला लागली. आम्हीही झोपायला लागलो. भोंगा झाला तर डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. वेणीचं बोलणं कमी झालं, मग बंदच झालं. एक दिवस आईनं मला हातानं खूण करून दाखवलं. चादर ताईच्या मांडीवर होती आणि तिचे हात नुसते पडलेले होते. आई म्हणाली, "बघ, हात थांबले." आम्हाला आनंद झाला. हे मी आज लिहितोय आणि माझी मलाच किळस येतेय, पण झाला. अण्णा जिन्यात भेटले, पाठीवर थाप मारून म्हणाले, "मास्तरीणबाई बऱ्या दिसतात आता." मी म्हटलं, "हो, खूप फरक आहे."

फरक असा होता की ती केस विंचरत नव्हती. जेवायला हाक मारली तर "कशाला" म्हणायची. शाळेत रजेवर होती, ती रजा वाढवायची का विचारलं तरी "कशाला". रडायची, पण आवाज न करता, पाणी गळावं तशी. आणि तिचं नाक चोंदलं. ऐन वैशाखात, मुंबईच्या उकाड्यात. आवाज बसका, नाकातला. आईनं वेखंड उगाळलं, गरम पाण्याचा वाफारा दिला. मी ते नाक ऐकलं आणि मला त्याच क्षणी कळलं. दळण खात्यातल्या वीस माणसांची नाकं मी रोज ऐकत होतो.

कळूनही मी रुमाल आणणं थांबवलं नाही. कमी करू, हळूहळू करू, असं मनाशी म्हणत राहिलो. त्याच सुमारास मासिकांतून दुसरा सूर येऊ लागला होता. काही रोगी या औषधानं खोल उदासीत जातात, जीव द्यायला बघतात, असं डॉक्टर लिहू लागले होते. मी ते पान वाचलं आणि मासिक परत ठेवलं.

मग दादरच्या डॉक्टरचं प्रकरण झालं. शाळेला दाखला हवा होता, म्हणून आम्ही तिला घेऊन गेलो. शांत, सभ्य माणूस. ताईची नाडी पाहिली, जिभेवर चमचा ठेवून घसा पाहिला. "काही औषध चालू आहे का? देशी, गावठी काहीही?" आईनं मान हलवली. डॉक्टर रागावतो म्हणून गावठी औषध त्याच्यापासून लपवायचं, आणि डॉक्टरचं वैद्यापासून, ही आमच्याकडची रीतच. घराघरात तेच. आईनं रीत पाळली. मला ती मोडता आली असती. मी डॉक्टरच्या खुर्चीमागच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

त्यानं चिठ्ठी लिहून दिली. औषधाच्या दुकानातून बाटली घेतली तर तपकिरी गोळ्या. आमच्याच कारखान्याच्या. तेच मूळ. त्याची पहिली चाचणी कदाचित माझ्याच हातची असेल.

आता सकाळी आईची कडुलिंबाची गोळी आणि रात्री डॉक्टरची. घरात हे जाणणारा एकटा मी. बोललो असतो तर दोन गोष्टी झाल्या असत्या. कारखान्यातून माल उचलला म्हणून नोकरी गेली असती. आणि ताई पुन्हा बोलायला लागली असती. यातली कुठली गोष्ट मला जास्त नको होती, हे मला अजून सांगता येत नाही, आणि ज्याला हे सांगता येत नाही त्या माणसाबद्दल काय समजायचं ते वाचणाऱ्यानं समजावं.

श्रावणातली दुपार. आई खाली नळावर, मी कामावर. मावशी पहिली पाळी करून जिना चढत होती. तिनं पाहिलं ते असं, की ताई गॅलरीच्या कठड्यावर बसलेली आहे, बाहेरच्या बाजूला पाय सोडून, ज्या कठड्याशी पोरीला बसवायची त्याच जागी. मावशीनं हाक मारली नाही. चप्पल काढली, मागून आली, आणि ताईचे सुटे केस मनगटाला गुंडाळून तिला आत ओढलं. दोघी पडल्या. ताईचा खांदा सोलवटला. मग मावशीनं तिला स्वतःच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. आईनं दार बडवलं तर आतून म्हणाली, "इंचरतीया बाईंचं केस. जटा झाल्यात. तुमी जावा."

त्या बंद दाराआड ताईनं तिला वेणीचं सांगितलं. पाच-सहा महिने जे आम्ही होऊ दिलं नव्हतं, ते तसं झालं.

दार उघडलं तेव्हा मावशी आईला म्हणाली, "हितनं पुढं हिचं खाणंपिणं माझ्याकडं." भांडायला आईच्या अंगात त्राण नव्हतं. कडुलिंबाची गोळी त्या दिवशी बंद झाली. म्हणजे माझ्या ताईला माझ्या हातून सोडवलं, ते पोर गमावलेल्या बाईनं, काही माहीत नसताना.

दुसऱ्या दिवशी हे कानावर गेल्यावर दादरचा डॉक्टर स्वतः घरी आला. त्यानं गोळ्यांची बाटली खिशात टाकली. चेहरा उतरलेला होता. मला गॅलरीत नेऊन म्हणाला, "या गोळीनं इतक्या लवकर असं व्हायला नको होतं. मला खरं सांगा. आणखी काही देत होतात का? काढा, चूर्ण, काहीही?"

आई दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"मी स्वतः केमिस्ट आहे, डॉक्टर. घरात असलं काही चालू देईन का?"

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. दोष स्वतःकडे घेऊन तो जिना उतरला. चाळीनं त्याला ज्या शिव्या घातल्या त्या मी ऐकल्या, एकदोन तर मीही जोडल्या. पेशंटला मारायला निघाला होता, असं लालबागभर झालं. त्यानंतर तो आमच्या भागात आला नाही. तो आता हयात आहे की नाही मला माहीत नाही. मी कधी चौकशीही केली नाही.

पंधरा-वीस दिवसांत ताईचं नाक उघडलं. महिन्या-दोन महिन्यांनी ती स्वतःहून विंचरायला लागली. धसका पुरता गेला नाही, फटाके झाले की ती मावशीच्या खोलीत जाऊन बसायची. पण ती बोलायला लागली, हसायलाही. आम्हाला वाटलं ती शाळेत जाईल. ती म्हणाली, "नाही जाणार." का म्हणून विचारलं तर सांगेना. राजीनामा लिहून माझ्यासमोर ठेवला. "एकदा नजर टाक. तुझं मराठी चांगलं आहे." मी दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि कागद परत दिला.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीला रोषणाई केली, पत्र्याच्या फळ्याला हार घातला. ताई तेव्हा शिवणाच्या मशीनवर पोलकी शिवत होती. आजही शिवते. आई गेली. मी लग्न करून दादरला गेलो. ताईचं लग्न झालं नाही. घोषणांचा फळा अजून तिथंच आहे, दर दोन वर्षांनी मजकुरावर नवा रंग चढतो.

त्या बैठकीनंतरच्या शनिवारी मी लालबागला गेलो. ताई मशीनवर होती. समोरच्या दारात मावशी बसली होती, आता डोळ्यांना कमी दिसतं, तांदूळ हातानं चाचपून निवडते. मी खाटेवर बसलो आणि म्हटलं, "ताई, आई तुला चैत्रात कडुलिंबाची गोळी द्यायची, आठवतं?"

"चैत्रात?" तिनं मशीन थांबवलं नाही. "श्रावणापर्यंत देत होती. मास्तरीण होते रे मी. मला पंचांग कळत नव्हतं?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"काहीतरी घालते एवढं कळायचं. कडुलिंब पाण्यानं जातो. ते जिभेवर बसून राहायचं. असेल आईचा अंगारा-बिंगारा म्हटलं."

"मग घेत का होतीस?"

"तुम्ही दोघं झोपायला लागला होतात," ती म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

मग मी सांगितलं. रुमाल, मूळ, डॉक्टरची गोळी तीच असणं, नाक, मासिकातलं पान, गॅलरीतला डॉक्टरचा प्रश्न आणि माझं उत्तर. मशीन केव्हा थांबलं कळलं नाही.

"परत सांग," ताई म्हणाली. "दोन्ही एकच होतं?"

"हो."

"आणि त्यानं माणसाला असं वाटतं? जगू नये असं?"

"वाटू शकतं. इतकं पोटात गेलं तर."

"तुला कधी कळलं?"

"नाक चोंदलं तेव्हा."

तिचा आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मी इतकी वर्षं समजतेय की ते माझंच मन होतं. पोरगी माझ्या पुढ्यात गेली, म्हणून माझ्या मनानं मला त्या कठड्यावर नेऊन बसवलं. जी बाई असं करू शकते तिच्या भरवशावर चाळीस पोरं कशी ठेवायची, म्हणून शाळा सोडली मी. शाळा सोडली रे. आणि तू राजीनाम्यातले ऱ्हस्वदीर्घ सुधारत बसलास."

"ताई, मला..."

"गप. माफीचं मला विचारू नको. बघेन नाहीतर नाही बघणार, तो माझा प्रश्न." तिनं पायानं मशीनचं पायडल पुढेमागे केलं. "मला राग कशाचा आलाय माहितेय? औषध दिलंस त्याचा नाही एवढा. मन बिघडलं तर औषध द्यावंच, चांगलं असेल ते द्यावं, झाडाचं द्या नाहीतर कारखान्याचं द्या. पण मी काय सांगत होते ते तुम्ही एकदा तरी ऐकलंत? आईनं? तू? एकदा?"

ऐकलं नव्हतं. शब्द ऐकले होते.

"तिला सांग जा," ताईनं समोर मान वळवली. "ती त्या डॉक्टरला अजून शिव्या देते."

मी गॅलरी ओलांडली. मावशीच्या शेजारी फरशीवर बसलो आणि पुन्हा सगळं सांगितलं, दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. ती तांदूळ निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हंजी त्यो डाक्टर बिचारा फुकाट." मग एक खडा वेचून बाजूला टाकत, "आन त्यो खालचा फळा तूच लिवलेला न्हवं? मला वाचाया येत न्हाई त्येच बरं. लोक सांगत्यात काय लिवलंय ते. माझी पोरगी लाजाळू हुती रं. चार मानसांत तोंड उघडायची न्हाई. घोषणा काय देतीया."

परत आलो तर ताईनं मशीन पुन्हा सुरू केलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिहायला येतं ना तुला छान? फळ्यावर लिहिलंस. माझ्या राजीनाम्यात हात घातलास. आता हे लिही. नावं नकोत. बाकी सगळं घाल, तुझं पण. आणि पुढल्या वेळी फळा रंगवायला काढतील तेव्हा मजकूर द्यायला तू जा."

"कमिटी ऐकणार नाही, ताई."

"न ऐकू दे. तू दे."

मजकूर मी कमिटीकडे दिलाय. नव्या पोरांनी वाचला, एकमेकांकडे बघितलं, "बघू काका" म्हणाले. ते रंगवणार नाहीत असं दिसतं. म्हणून तो इथं देतो.

ही मुलगी या गॅलरीत तिच्या बाईंकडून वेण्या घालून घेत असताना सरकारच्या गोळीनं मेली. एक वेणी झाली होती. दुसरी राहिली होती. ती घोषणा देत नव्हती.